कर्करोगकारक हर्पिसविषाणू आणि त्यांचे उसने यजमान

माणसात कर्करोग घडवणारे दोन हर्पिसविषाणू आज पक्के ठाऊक आहेत. एक एपस्टीन-बार विषाणू, म्हणजे ईबीव्ही. दुसरा कपोसी सार्कोमाशी निगडित हर्पिसविषाणू, म्हणजे केएसएचव्ही. ईबीव्ही जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात आहे. बर्किट लिम्फोमा, हॉजकिन लिम्फोमाचे काही प्रकार, नाक-घशाच्या मागच्या भागाचा कर्करोग आणि जठराच्या कर्करोगाचा साधारण दहावा हिस्सा यांच्याशी त्याचा संबंध आहे. त्याच्यामुळे जगभरात दरवर्षी अंदाजे दोन लाख लोकांना कर्करोग होतो. केएसएचव्ही त्या मानाने कमी पसरलेला आहे. पण आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत आणि एचआयव्हीबाधितांमध्ये त्याने मोठी हानी केली आहे.

या दोन विषाणूंवरच्या संशोधनाला एक अडचण पाचवीलाच पुजलेली आहे: निसर्गात ते दोघेही फक्त माणसात राहतात. माणसावर प्रयोग करता येत नाहीत आणि ज्यांवर करता येतात त्या प्राण्यांत हे विषाणू सहजासहजी रुजत नाहीत. म्हणून गेली साठ वर्षे शास्त्रज्ञ उसने यजमान शोधत आले आहेत. कधी बाटलीत वाढवलेल्या पेशी, कधी माणसाच्या विषाणूचे माकडांतले किंवा उंदरांतले नातेवाईक, कधी माणसाच्या पेशी अंगात बाळगणारे उंदीर. या प्रत्येक प्रारूपाने काय शिकवले आणि कुठे दिशाभूल केली, याचा हा आढावा. साठ वर्षांच्या कामातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: जे प्रारूप झटपट गाठ दाखवते, ते माणसाच्या खऱ्या रोगापासून बहुतेक वेळा दूर असते. ही गोष्ट नजरेआड केली की चुकीचे निष्कर्ष हाती येतात.

विषाणू झोपतो, कर्करोग उशिरा येतो

हर्पिस कुळातले सगळेच विषाणू एकदा शरीरात शिरले की जन्मभर राहतात. लहानपणी कांजिण्या झालेल्या माणसाला साठीत नागीण होते, ती याच गुणामुळे. विषाणू मधल्या काळात मेलेला नसतो, चेतापेशींत सुप्त बसलेला असतो. ईबीव्ही असाच स्मृती-बी पेशींत बसतो. सुप्तावस्थेत तो आपली बहुतेक जनुके बंद ठेवतो, त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या नजरेला पडत नाही. अधूनमधून लाळेत उतरतो आणि पुढच्या माणसाकडे जातो.

या जीवनक्रमात कर्करोगाला जागा नाही. यजमान मेला तर विषाणूचाही मार्ग खुंटतो. म्हणजे कर्करोग हा विषाणूच्या दृष्टीने अपघात आहे. तो अपघात घडायला विषाणूबरोबर आणखी काहीतरी लागते: मलेरिया, एचआयव्ही, प्रत्यारोपणानंतरची औषधे, आनुवंशिक कल, आहार, आणि बहुतेक वेळा काही दशकांचा काळ. ईबीव्हीबाधित अब्जावधी लोकांपैकी अगदी थोड्यांनाच कर्करोग होतो. चांगल्या प्रारूपाला म्हणून तीन गोष्टी दाखवता आल्या पाहिजेत: विषाणूचा प्रवेश, त्याची दीर्घ सुप्तावस्था आणि ती बिघडून उद्भवणारी गाठ. माणसाच्या या दोन विषाणूंसाठी तिन्ही गोष्टी एकत्र दाखवणारे प्रारूप आजही नाही.

बाटलीतल्या पेशी: पहिले यश आणि पहिल्या फसगती

आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट युगांडात काम करत होते. मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन त्यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात त्यांनी त्यावर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एपस्टीन होते. या गाठींच्या मागे विषाणू असावा असे त्यांना वाटले आणि कंपालाहून गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले.

डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले. नमुना उशिरा पोहोचला तेव्हा बाटलीतला द्रव गढूळ झालेला होता. जिवाणूंनी नमुना नासला असे समजून तो टाकून देणे सोपे होते. एपस्टीन यांनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गढूळपणा जिवाणूंचा नव्हता. गाठीच्या कडेपासून सुट्या झालेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. तोवर गाठीचे तुकडे काचेला चिकटवून पेशी वाढवण्याचे प्रयत्न वाया गेले होते. आता त्या तरंगत वाढतात हे लक्षात आले आणि इव्हॉन बार यांच्या हाताखाली पहिली सेल लाइन उभी राहिली. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशींत हर्पिसविषाणू दिसला आणि मार्चमध्ये एपस्टीन, बर्ट अचाँग आणि बार यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. मानवी कर्करोगाचा पहिला विषाणू सापडला तो अशा सुट्या, तरंगत्या पेशींमुळे.

पुढची पायरी फिलाडेल्फियातल्या वर्नर आणि गेरट्रूड हेन्ले या दांपत्याची. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ मुलीला १९६७ मध्ये मोनोन्यूक्लिओसिस झाला. घसा धरणे, ताप, मानेला गाठी येणे अशी त्याची लक्षणे. आजारापूर्वी तिच्या रक्तात ईबीव्हीची प्रतिपिंडे नव्हती, नंतर ती आली. आणि आधी बाटलीत न तगणाऱ्या तिच्या रक्तपेशी आता वाढत राहिल्या. ईबीव्ही निरोगी माणसाच्या बी पेशींना अमर्याद वाढायला लावतो, ही गोष्ट याच काळात सिद्ध झाली. अशा सेल लाइनमधून ईबीएनए-२ आणि एलएमपी-१ ही विषाणूची प्रमुख कर्करोगी जनुके ओळखता आली. एलएमपी-१ एकटेच उंदराच्या पेशींना गाठीच्या पेशींसारखे वागायला लावते, हे १९८५ मध्ये दिसले.

पण अशा बी पेशींत विषाणूची सगळी सुप्त जनुके एकदम चालू असतात. प्रत्यारोपणानंतरच्या लिम्फोमाशी हे चित्र जुळते, बर्किट लिम्फोमाशी नाही. तिथे बहुधा ईबीएनए-१ एवढे एकच विषाणुप्रथिन बनत असते. बर्किटच्या पेशी मिक या जनुकाची जागा बदलल्यामुळे वाढतात, आणि ते स्थलांतर बाटलीत ईबीव्ही घातल्याने आपोआप होत नाही.

दुसरी फसगत जास्त सूक्ष्म आहे. १९७३ मध्ये मोनोन्यूक्लिओसिसच्या एका रुग्णाचा विषाणू टॅमरिन माकडाच्या पेशींत घालून बी९५-८ ही सेल लाइन तयार केली गेली. ती भरपूर विषाणू देते, म्हणून जगभर वापरली गेली. १९८४ मध्ये याच विषाणूचा सुमारे १ लाख ७२ हजार अक्षरांचा जीनोम वाचला गेला आणि तोच बराच काळ ईबीव्हीचा प्रमाण जीनोम मानला गेला. पण त्यातून सुमारे १२ हजार अक्षरांचा तुकडा गळालेला होता. त्यात विषाणूच्या अनेक सूक्ष्म आरएनएंची जनुके होती, आणि नाक-घशाच्या कर्करोगात हे सूक्ष्म आरएनए भरपूर बनत असतात. रुग्णांच्या गाठींत वारंवार दिसणारी गोष्ट प्रमाण विषाणूतच नव्हती. आज वेगवेगळ्या प्रदेशांतले विषाणू स्वतंत्रपणे वाचून, जिवाणूंच्या कृत्रिम गुणसूत्रांत जपून त्यांचे एकेक जनुक काढून पाहता येते. हे तंत्र ईबीव्हीसाठी १९९८ मध्ये म्युनिकमध्ये उभे राहिले.

केएसएचव्हीची कहाणी निराळ्या मार्गाने गेली. मोरित्झ कपोसी यांनी १८७२ मध्ये वर्णन केलेल्या त्वचेच्या जांभळ्या डागांचा विषाणू १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधला. रुग्णाच्या गाठीतला डीएनए आणि त्याच रुग्णाचा निरोगी डीएनए यांची वजाबाकी करून त्यांनी विषाणूचे तुकडे बाहेर काढले. विषाणू बाटलीत वाढवण्याआधीच त्याची ओळख पटली. पण त्यानंतर लगेच भिंत लागली: कपोसी सार्कोमाच्या गाठीतल्या पेशी बाटलीत वाढवल्या की विषाणू त्यांच्यातून निघून जातो. म्हणून संशोधन बरीच वर्षे छातीच्या पोकळीतल्या एका दुर्मीळ लिम्फोमाच्या पेशींवर चालले. त्या पेशी विषाणू सोडत नाहीत, पण त्या बी पेशी आहेत. कपोसीच्या गाठी मात्र रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींतून उगवतात.

तोडगा म्हणून एसएलके या सेल लाइनवर बसवलेली आयएसएलके पद्धत २०११ मध्ये आली आणि तिच्यामुळे केएसएचव्ही हवा तेव्हा जागा करता येऊ लागला. एसएलके ही कपोसी सार्कोमाच्या रुग्णातून आलेली अस्तरपेशी समजली जाई. २०१३ मध्ये तपासणीत कळले की ती मूत्रपिंडाच्या कर्करोगाची काकी-१ ही सेल लाइन आहे. विषाणूची निर्मितीयंत्रणा अभ्यासायला ती आजही उपयोगी आहे. पण कपोसी सार्कोमाच्या पेशी कशा वागतात, हे तिच्यावरून सांगता येत नाही. नाक-घशाच्या कर्करोगाच्या संशोधनात वापरल्या गेलेल्या सीएनई-१, सीएनई-२ यांसारख्या सेल लाइनमध्ये हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशींचा जीनोम सापडला, तेव्हा त्यांच्यावरच्या शेकडो निबंधांवर प्रश्नचिन्ह लागले. ईबीव्ही मूळच्या रूपात टिकवून ठेवणाऱ्या अस्सल सेल लाइन, उदाहरणार्थ सी६६६-१, बोटांवर मोजण्याएवढ्याच आहेत.

म्हणून पेशी कोणाच्या आहेत हे जनुकीय ठशावरून तपासणे ही प्रत्येक प्रयोगाची पहिली अट असली पाहिजे. देशभरातल्या प्रयोगशाळांना सेल लाइन पुरवणारे नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स पुण्यात आहे. तिथून आलेली बाटली दहा वर्षे हातोहात फिरली तर तिच्यात काय उरले, हे पुन्हा तपासायलाच हवे.

बेडूक आणि कोंबडी: निसर्गातली प्रारूपे

ईबीव्ही सापडण्याच्या तीस वर्षे आधी फिलाडेल्फियाच्या बाल्डविन लुके यांनी बिबट्या बेडकाच्या मूत्रपिंडातल्या कर्करोगाचे वर्णन केले होते. वर्ष १९३४. या कर्करोगामागे विषाणू असल्याचा पुरावाही त्यांनी १९३८ मध्ये दिला. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो हर्पिसविषाणू निघाला. त्याचे वागणे ऋतूंवर चालते. थंडीत गाठीतल्या पेशी विषाणूंनी भरलेल्या असतात. उन्हाळ्यात विषाणू दिसेनासा होतो आणि गाठ मात्र वाढते, पसरते. सुप्त विषाणू आणि वाढती गाठ एकत्र असतात, हे इथे कोणत्याही मानवी उदाहरणाच्या आधी दिसले होते. त्यावर काम करणारे मात्र थोडेच राहिले.

कोंबडीतला मरेकचा आजार त्याहून फार मोठा धडा आहे. हंगेरीतले पशुवैद्य योझेफ मरेक यांनी १९०७ मध्ये लंगडणाऱ्या कोंबड्यांचे वर्णन केले. पाय लुळे पडणे हे त्याचे जुने लक्षण. सघन कुक्कुटपालन वाढले तसे यकृत, प्लीहा, अंडाशय यांत टी पेशींच्या गाठी होऊन कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये त्यामागचा हर्पिसविषाणू हाती आला. तो पिसांच्या मुळाशी पूर्ण रूपात तयार होतो आणि कोंडा व धुळीतून शेडभर पसरतो. पक्षी एकमेकांना शिवले नाहीत तरी श्वासावाटे लागण होते.

१९७० च्या सुमारास टर्कीतला एक निरुपद्रवी नातेवाईक विषाणू वापरून अमेरिकेत लस तयार झाली. कर्करोगाविरुद्ध मोठ्या प्रमाणावर यशस्वी झालेली ही पहिली लस. आज हॅचरीत पिल्लू अंड्यातून बाहेर आले की त्याच दिवशी त्याच्या मानेच्या कातडीखाली ती टोचतात. लसीतला विषाणू जिवंत पेशींच्या आत असतो, म्हणून तिच्या कुप्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवाव्या लागतात. पुण्यापासून नाशिकपर्यंतच्या पोल्ट्री व्यवसायाला ही टाकी चांगली परिचित आहे.

मरेकच्या विषाणूत मेक नावाचे जनुक आहे. ते काढून टाकले तर विषाणू कोंबडीत वाढतो, पण गाठी होत नाहीत. नैसर्गिक यजमानात, नैसर्गिक मार्गाने झालेल्या संसर्गात एका जनुकाला इतक्या स्वच्छपणे जबाबदार धरता आल्याची उदाहरणे फार थोडी आहेत. या विषाणूचा जीनोम कोंबडीच्या गुणसूत्रांच्या टोकांशी जोडला जातो, हेही इथेच समजले.

आणि एक इशाराही इथेच मिळाला. मरेकची लस आजार थांबवते, संसर्ग थांबवत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लस न दिलेल्या कोंबड्या अतिजहाल वाणांनी दहा-बारा दिवसांतच मेल्या आणि त्यांच्यातून विषाणू फारसा पसरला नाही. लस दिलेल्या जगल्या आणि कित्येक आठवडे जहाल विषाणू बाहेर टाकत राहिल्या. ईबीव्हीची लस करणाऱ्यांनी संसर्गच अडवायचा की फक्त आजार, हा प्रश्न यामुळे केवळ पुस्तकी राहत नाही. मात्र कोंबडीतला हा विषाणू अल्फा गटातला आहे आणि ईबीव्ही, केएसएचव्ही गॅमा गटातले. म्हणून कोंबडीकडून तत्त्व घ्यावे, तपशील जसाच्या तसा उचलू नये.

माकडे: सर्वांत जवळची आणि सर्वांत महाग

दक्षिण अमेरिकेतल्या स्क्विरल मंकीत हर्पिसव्हायरस सायमिरी हा विषाणू निमूटपणे राहतो. १९६८ मध्ये तो टॅमरिन आणि आउल मंकी या माकडांना दिला गेला तेव्हा ती काही आठवड्यांत टी पेशींच्या लिम्फोमाने मेली. संशोधकांच्या हाती वेगवान, खात्रीशीर प्रारूप आले. पण विषाणू आपल्या घरात निरुपद्रवी आणि परक्या घरात जीवघेणा का, हा त्यातला खरा प्रश्न होता. माणूस ईबीव्हीसाठी परके घर नाही. म्हणून सायमिरीने टी पेशींच्या वाढीचे रेणू शिकवले, ईबीव्हीचा रोग कसा घडतो हे नाही.

पांढऱ्या शेंडीच्या टॅमरिन माकडाला मोठ्या मात्रेत ईबीव्ही दिला तर त्यालाही लिम्फोमा होतो. १९८५ मध्ये एपस्टीन यांच्या गटाने विषाणूच्या पृष्ठभागावरच्या जीपी३५० या प्रथिनाची लस देऊन या माकडांना लिम्फोमापासून वाचवले. ईबीव्हीची लस शक्य आहे हा विश्वास त्यातून आला. पण हे माकड कोलंबियाच्या जंगलात अस्तंगत होण्याच्या मार्गावर आहे. त्यावर पुढचे संशोधन उभारणे ना शक्य होते, ना योग्य.

सर्वांत जवळचे प्रारूप ठरले ते ऱ्हीसस माकड. त्याच्यात ईबीव्हीचाच एक चुलत विषाणू आहे. ईबीव्हीच्या प्रत्येक महत्त्वाच्या जनुकाचा जोडीदार त्यात आहे. १९९७ मध्ये बोस्टनमध्ये तो तोंडावाटे देऊन माणसातल्यासारखा पहिला संसर्ग, सुप्तावस्था आणि लाळेतला प्रसार दाखवला गेला. प्रतिकारशक्ती खचलेल्या माकडांत पुढे लिम्फोमाही दिसले. केएसएचव्हीचाही एक नातेवाईक ऱ्हीससमध्ये आहे. एचआयव्हीच्या माकडी भावंडाबरोबर तो दिला तर बी पेशींचे विकार होतात.

अडचणी मात्र मोठ्या आहेत. पाळीव ऱ्हीसस माकडांना लहानपणीच हा विषाणू होतो, त्यामुळे विषाणूमुक्त माकडे वेगळी वाढवावी लागतात. खर्च अफाट, संख्या मर्यादित. भारताचा इथे थेट संबंध आहे. विसाव्या शतकात भारतातून लाखो ऱ्हीसस माकडे परदेशी प्रयोगशाळांना गेली. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना आपली प्रजनन केंद्रे वाढवावी लागली. तिथल्या अनेक कळपांची मुळे आजही भारतीय आहेत.

उंदीर: दोन वेगळे मार्ग

पहिला मार्ग उंदराचा स्वतःचा विषाणू वापरण्याचा. १९८० मध्ये ब्रातिस्लाव्हाच्या शास्त्रज्ञांनी रानटी उंदरांतून एमएचव्ही-६८ हा गॅमा हर्पिसविषाणू वेगळा केला. तो प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरात शिरतो, बी पेशींत सुप्त बसतो आणि त्याचे कोणतेही जनुक काढून पाहता येते. उंदराचीही कोणतीही जनुके काढता येतात. विषाणू आणि यजमान दोन्ही हवे तसे बदलता येणे, ही इतर कोणत्याच प्रारूपाला न जमलेली गोष्ट आहे. सुप्त विषाणू टी पेशी कशा आवरतात, याचे बरेच ज्ञान इथून आले. २००७ मध्ये तर असे दिसले की या सुप्त विषाणूमुळे उंदराला काही जिवाणूंपासून संरक्षणही मिळते. पण साध्या उंदरात तो क्वचितच गाठी करतो. गाठींसाठी तो कमी पडतो, सुप्तावस्थेसाठी उत्तम ठरतो.

दुसरा मार्ग उंदराच्या अंगात माणसाच्या पेशी बसवण्याचा. १९८८ मध्ये प्रतिकारशक्ती नसलेल्या स्किड उंदरांत माणसाच्या रक्तपेशी टोचल्या गेल्या. ज्यांच्या रक्तात ईबीव्ही होता अशा दात्यांच्या पेशींमुळे उंदरांत लिम्फोमा झाले. दाता निरोगी होता. विषाणूला आवर घालणारी त्याची टी पेशींची पहारेदारी उंदरात अपुरी पडली आणि गाठ झाली.

आजचे मानवीकृत उंदीर याहून पुढचे आहेत. प्रतिकारशक्तीची प्रमुख अंगे खुंटवलेल्या उंदराची एक ते पाच दिवसांची पिल्ले घेतात. त्यांना किरणोत्साराचा हलका डोस देऊन त्यांच्या अस्थिमज्जेत जागा करतात. मग नाळेच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या मानवी मूळपेशी बारीक सुईने पिल्लाच्या यकृतात सोडतात. पुढे सुमारे तीन महिने वाट पाहायची. नंतर उंदराच्या रक्ताचा थेंब तपासला की मानवी बी आणि टी पेशी दिसतात. अशा उंदराला ईबीव्ही टोचला तर काही आठवड्यांत मानवी टी पेशी वाढून विषाणूवर तुटून पडतात, अगदी मोनोन्यूक्लिओसिससारख्या. टी पेशी काढून टाकल्या किंवा मात्रा वाढवली तर प्लीहेवर पांढऱ्या गाठी दिसू लागतात.

या उंदरांनी २०१७ मध्ये एक जुना प्रश्न सोडवायला मदत केली. छातीतल्या त्या दुर्मीळ लिम्फोमात बहुतेक वेळा केएसएचव्ही आणि ईबीव्ही दोन्ही सापडतात. झुरिकमधल्या गटाने दोन्ही विषाणू एकत्र दिले तेव्हा केएसएचव्ही उंदरात टिकला आणि गाठींचे प्रमाण वाढले. एकटा दिला तेव्हा तो बहुधा नाहीसा झाला. एका विषाणूला दुसऱ्याचा आधार लागतो, हे जिवंत प्राण्यात असे पहिल्यांदा दिसले.

मर्यादा तितक्याच स्पष्ट आहेत. या उंदरात मानवी रक्तपेशी आहेत, पण नाक, घसा, जठर यांचे अस्तर उंदराचेच आहे. ईबीव्हीच्या कर्करोगांचा फार मोठा वाटा याच अस्तरांतून उगवतो. लाळेतून प्रसार इथे अभ्यासता येत नाही आणि प्रतिपिंडांचा प्रतिसाद अर्धामुर्धाच असतो. दोन वर्षे जेमतेम जगणाऱ्या उंदरात तीस वर्षांनी येणारा रोग पाहता येणार नाही, हे तर उघडच आहे.

राहून गेलेला धागा: सह-कारणे

माझ्या मते या क्षेत्राची सर्वांत मोठी उणीव इथे आहे. बहुतेक प्रयोगांत विषाणू एकटाच असतो. रोगी माणसात तो कधीच एकटा नसतो.

बर्किट लिम्फोमा आफ्रिकेत मलेरियाच्या पट्ट्यातच का, याचे एक चांगले उत्तर उंदरांनी २०१५ मध्ये दिले. दीर्घकाळ मलेरिया झालेल्या उंदरांच्या बी पेशींत डीएनए कापणारे एआयडी हे वितंचक सतत सक्रिय राहिले. जनुकांची स्थलांतरे वाढली आणि पक्व बी पेशींचे लिम्फोमा झाले. या प्रयोगात ईबीव्ही नव्हता, तरी मलेरियाचा वाटा नेमका कुठे आहे ते कळले. तसेच एमएचव्ही-६८ असलेल्या उंदरांना आतड्यातल्या जंताचा संसर्ग झाला की सुप्त विषाणू जागा होतो, हे २०१४ मध्ये दिसले. जंत आणि हर्पिसविषाणू दोन्ही असलेली मुले आपल्याकडेही भरपूर आहेत.

नाक-घशाचा कर्करोग दक्षिण चीनमध्ये आणि भारतात नागालँड व आसपासच्या डोंगराळ भागात जास्त आहे. आनुवंशिक कल, धुरात वाळवलेले व खारवलेले पदार्थ आणि विषाणू या तिघांना एकत्र आणणारे प्रारूप हवे आहे. त्यासाठी ईशान्य भारतातल्या रुग्णांच्या गाठींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखी रचना धरणारे पेशींचे छोटे गोळे, आणि तिथल्याच विषाणूंचे वाचलेले जीनोम लागतील. दक्षिण चीनमध्ये सापडणारे ईबीव्हीचे काही वाण अस्तरपेशींत सहज शिरतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे. आपल्याकडच्या विषाणूंबद्दल असे काम आपणच करायला हवे, परक्या वाणावर निष्कर्ष काढून भागणार नाही.

रुग्णाच्या खाटेपर्यंत काय पोहोचले

प्रत्यारोपणानंतरचा ईबीव्ही लिम्फोमा आवरण्यासाठी विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी बाहेर वाढवून रुग्णाला देण्याची पद्धत १९९५ पासून वापरात येऊ लागली. त्या टी पेशींना शिकवायला हेन्ले यांच्या काळापासून परिचित असलेल्या, ईबीव्हीने अमर केलेल्या बी पेशीच लागतात. स्किड उंदरांत या टी पेशी गाठींपर्यंत पोहोचतात हे पाहिले गेले होते. डिसेंबर २०२२ मध्ये युरोपीय संघाने दात्याच्या पेशींपासून तयार ठेवलेल्या अशा पहिल्या उपचाराला मान्यता दिली. पेशी, उंदीर आणि रुग्ण यांची साखळी इथे पूर्ण झाली.

कपोसी सार्कोमात क्रम उलटा होता. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या १५ रुग्णांचे सायक्लोस्पोरिन बंद करून सिरोलिमस दिल्यावर त्यांच्या त्वचेवरच्या गाठी विरल्या, हे २००५ मध्ये दिसले. केएसएचव्हीचे एक जनुक पेशीवाढीचा एमटॉर मार्ग कसा चालू ठेवते आणि सिरोलिमस तो कसा तोडते, हे उंदरांच्या प्रारूपात नंतर उलगडले. प्रारूपाचे काम फक्त औषध शोधणे नाही. डॉक्टरांना दिसलेल्या गोष्टीचे कारण सांगणे हेही त्याचे काम आहे.

लसीचे काय? टॅमरिनमध्ये यशस्वी झालेली जीपी३५० ची लस तरुण स्वयंसेवकांत तपासली गेली. २००७ च्या निबंधानुसार मोनोन्यूक्लिओसिस ७८ टक्क्यांनी घटला, संसर्ग मात्र थांबला नाही. टॅमरिनला पोटात मोठ्या मात्रेने दिलेला विषाणू आणि लाळेतून घशात शिरणारा विषाणू एकच आव्हान नाहीत, हे त्यातून कळले. पेशीत शिरण्यासाठी लागणाऱ्या इतर प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे मानवीकृत उंदीर आणि ऱ्हीसस दोन्हींत तपासली गेली आणि दोन्हीकडे संरक्षण दिसले. दोन वेगळ्या, अपुऱ्या प्रारूपांनी एकच उत्तर दिले की त्या उत्तराचे वजन वाढते. आजच्या नव्या लसींत म्हणूनच अनेक प्रथिने एकत्र घातली जातात.

पुढची वाट

प्राण्यांवरील प्रयोग कमी करण्याचे बंधन आता कायद्यातही उतरू लागले आहे. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची समिती अशा प्रयोगांना परवानगी देते. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेने आणि २०२३ मध्ये भारताने औषधतपासणीत प्राण्यांखेरीज इतर पद्धतींना वाव देणारे बदल केले. मानवी अस्तरपेशींची थरांत वाढवलेली संवर्धने आणि ऑर्गनॉइड यांनी उंदराने सोडलेली जागा काही अंशी भरता येईल. प्रतिकारशक्ती, ताप, सहसंसर्ग आणि वर्षांचा काळ त्यांत नसतो, म्हणून प्राणी लगेच पूर्ण बाद होणार नाहीत. पण प्राणी मारून मिळवलेले उत्तर आधीच हाती होते असे नंतर कळावे, ही चूक आता परवडणारी नाही.

या साठ वर्षांतून निघणारा नियम सरळ आहे. विषाणू पेशीत काय करतो हे विचारायचे तर अस्सल, तपासलेली सेल लाइन घ्यावी. सुप्तावस्था कशी टिकते हे विचारायचे तर एमएचव्ही-६८ चा उंदीर. मानवी टी पेशी गाठीला कशा आवरतात हे पाहायचे तर मानवीकृत उंदीर. संसर्ग लाळेतून कसा शिरतो आणि लस त्याला अडवते का, हे ऱ्हीससखेरीज सांगता येत नाही. आणि कर्करोग शेवटी का होतो, याचे उत्तर या सगळ्यांना मलेरिया, जंत, धूर आणि आनुवंशिकता यांच्याबरोबर पुन्हा तपासल्याशिवाय मिळणार नाही. ते काम संथ आहे, खर्चिक आहे आणि झटपट गाठीसारखे छायाचित्र देत नाही. तरीही निधी देणाऱ्या संस्थांनी आणि भारतीय प्रयोगशाळांनी पुढच्या दशकात पैसा आणि माणसे तिथेच लावली पाहिजेत, कारण रुग्णाच्या शरीरात विषाणू एकटा कधीच येत नाही.